आडवलीचं क्रॉसिंग

काकांनी मला रेल्वेचं वेळापत्रक शिकवलं ते सत्यनारायणाच्या आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर, बॉलपेनने.

रात्रीच्या गाडीने निघून मी पहाटे राजापूर रोडला उतरले होते आणि रिक्षाने घरी पोचून ओटीवर चहा घेत बसले होते. बोलता बोलता सांगितलं, की आडवलीला गाडी पंचवीस मिनिटं नुसती उभी होती. ना कुणी चढलं, ना कुणी उतरलं. बाहेर मिट्ट काळोख, रातकिड्यांची किरकिर, आणि समोरच्या बर्थवरचं पोर दर दोन मिनिटांनी आईला विचारतंय, "आलं का गं आपलं स्टेशन?"

"समोरून गाडी गेली का?" काकांनी विचारलं.

"गेली. न थांबता."

"मग नुसती कशी उभी होती, बाय? वाट देत होती."

काका रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते आणि निवृत्तीआधीची काही वर्षं टाईमटेबलच्या कामात. रेल्वेतली नोकरी म्हटलं की आपल्याला स्टेशनमास्तर दिसतो, टीसी दिसतो, फार तर इंजिनात बसलेला ड्रायव्हर. कंट्रोलर कुणालाच दिसत नाही. तो फलाटावर नसतोच. कुठल्या तरी इमारतीतल्या एका खोलीत कानाला फोन लावून तो शंभर-दीडशे किलोमीटरचा रस्ता समोरच्या कागदावर चालवत असतो. काकांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीने पडलेला घट्टा अजून आहे. लहानपणी तो मला हात लावून बघायला आवडायचा.

त्यांनी पत्रिका उलटी केली. डाव्या कडेला वरून खाली स्टेशनं लिहिली: रत्नागिरी, निवसर, आडवली, वेरवली, विलवडे, राजापूर रोड. दोन नावांमध्ये सारखी जागा सोडली नाही. जिथे अंतर जास्त तिथे जागा जास्त. वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे वेळ, दहा-दहा मिनिटांच्या उभ्या रेघा. मग माझी गाडी काढली. रत्नागिरीहून निघून तिरकी उतरत जाणारी एक रेघ. गाडी थांबली तिथे रेघ आडवी झाली, सुटली की पुन्हा तिरकी. गाडीचा वेग जास्त असेल तर रेघ उभट होते, मालगाडीची रेघ मात्र आडवारलेली असते, हे तेव्हाच लक्षात आलं. नंतर त्यांनी खालून वर चढणारी दुसरी रेघ काढली. मुंबईकडे जाणारी गाडी.

"या दोन रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. एकेरी मार्गावर, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना मिळून एकच लाईन असते तिथे, त्या स्टेशनाच्या ओळीवरच छेदल्या पाहिजेत. दोन स्टेशनांच्या मध्ये छेदल्या तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि पेन खाली ठेवलं.

माझी रेघ आडवलीच्या ओळीवर पंचवीस मिनिटं आडवी पडलेली होती. समोरची रेघ तिला तिथेच छेदून वर गेली होती. रात्री खिडकीतून मला जो नुसता धडधडाट ऐकू आला, तो इथे कागदावर एक छोटासा छेद होता.

इतकी वर्षं मी वेळापत्रक म्हणजे आकड्यांचा तक्ता समजत होते. अमुक स्टेशन, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ. तक्ता शेवटी छापायला जातो. त्याच्या आधी महिनोन्‌महिने माणसं असल्या रेघा आखत बसलेली असतात. पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस ते लियाँ मार्गाचं असं चित्र आजही जगभर दाखवलं जातं. आपल्याकडे कंट्रोल ऑफिसात वर्षानुवर्षं हे कागद-पेन्सिलीवर चाललं, आता संगणकाच्या पडद्यावर चालतं. रेघा त्याच आहेत. आणि एका गाडीला कागदावर मिळालेल्या तिरक्या वाटेला म्हणतात पाथ. "नवीन गाडी मागता, पण पाथ कुठाय?" हे वाक्य काकांनी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल, कोण जाणे.

पाथ शोधायचा म्हणजे काय, हे मला त्यानंतर दोन-तीन सुट्ट्यांत हळूहळू समजत गेलं. गाडीची कमाल वेगमर्यादा समजा ताशी ११० किलोमीटर आहे. वेळापत्रक त्या वेगाने आखत नाहीत. साधारण दहा टक्के कमी धरून आखतात, म्हणजे थोडा उशीर झाला तर ड्रायव्हरला भरून काढायला वाव राहतो. त्यावर रुळांची कामं चालू असतील तिथे गाडी हळू न्यावी लागणार म्हणून काही मिनिटं. त्यावर वाटेत काही अडलं तर सावरायला म्हणून आणखी काही मिनिटं. ही राखीव मिनिटं कुठे ठेवायची याला फार महत्त्व आहे. बहुतेक वेळा ती एका झोनची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते त्याच्या अलीकडे, आणि शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे असतात. म्हणून परतीच्या प्रवासात शेवटच्या दहा-वीस किलोमीटरला वेळापत्रकात विचित्र वाटावा इतका वेळ दिलेला दिसतो.

मला हे पूर्ण पटलेलं नाही. राखीव मिनिटं हवीतच, पण ती सगळी टोकाला साठवली तर मधल्या स्टेशनावरच्या माणसाच्या वाट्याला काय येतं? त्याच्या फलाटावर गाडी तासभर उशिरा येते आणि शेवटच्या स्टेशनावर तीच गाडी "राईट टाईम" म्हणून नोंदली जाते. त्याचा तो तास कुठल्याच हिशोबात येत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते वादाला उभे राहिले नाहीत. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मधे मिनिटं ठेवली की ती पहिली कुणीतरी उचलतो. नवीन थांबा द्यायला." त्यांच्या बोलण्यात थकवा होता. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

एकेरी मार्गाचं गणित त्यांनी मला असंच एकदा घातलं. दिवसाची मिनिटं १४४०. मार्गावरचा दोन स्टेशनांमधला सगळ्यात वेळखाऊ तुकडा घ्यायचा. तो पार करायला सगळ्यात सावकाश गाडीला समजा १८ मिनिटं लागतात. लाईन क्लियर, म्हणजे पुढचा तुकडा मोकळा आहे अशी परवानगी, घेणं-देणं यात ५ मिनिटं. झाली २३. १४४० भागिले २३ म्हणजे साधारण ६२. पण रस्ता काही सगळा वेळ पूर्ण भरलेला ठेवता येत नाही, म्हणून त्याचे ७० टक्के. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून ४३-४४ गाड्या. या हिशोबाला रेल्वेत स्कॉटचं सूत्र म्हणतात.

"आता त्या तुकड्याच्या बरोबर मध्ये एक क्रॉसिंग स्टेशन बांध."

१८ ची ९ झाली. ९ आणि ५ चौदा. १४४० भागिले १४, त्याचे ७० टक्के. ७२.

मी आकडा दोनदा तपासला. तोच तुकडा, तेच रूळ, तेच इंजिन. मध्ये फक्त गाडी बाजूला घ्यायला एक जादा लाईन, आणि मार्गावर अठ्ठावीस गाड्यांची जागा वाढते. अर्थात हे कागदावरचं गणित. मधला तुकडा लहान झाला की पुढचा एखादा तुकडा सगळ्यात मोठा ठरतो आणि अडचण तिकडे सरकते. पण कोकण रेल्वेने कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी क्रॉसिंग स्टेशनं नव्याने का बांधली, हे मला त्या दिवशी उमगलं. गाडीतून जाताना आपण म्हणतो, एवढ्याशा ठिकाणी स्टेशन कशाला? चढायला चार माणसं नाहीत. ते स्टेशन चढणाऱ्या चार माणसांपुरतं नाही. तिथे थांबणारी गाडी दुसरीला वाट देते, त्या दुसऱ्या गाडीतल्या हजार माणसांसाठी ते आहे.

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला. रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे अजूनही बहुतेक एकच लाईन आहे. आमच्या पिढीच्या कोकणी माणसाचा रेल्वेप्रवास त्यामुळे क्रॉसिंगच्या भाषेतच झालाय. "क्रॉसिंगला थांबलीय," "आमचीच बाजूला टाकली," "त्या गाडीला काढून मग आपल्याला सोडणार." गाडी थांबली की पुरुष दारात जाऊन उभे राहतात, सिग्नल कुठल्या बाजूचा पडलाय ते बघतात, आणि परत येऊन सगळ्या डब्याला बातमी देतात.

घाटात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. मुंबईहून निघणारी गाडी डाऊन आणि मुंबईकडे येणारी अप, त्यामुळे कर्जतहून बोरघाट चढून लोणावळ्याला जाणारी गाडी रेल्वेच्या भाषेत डाऊन असते. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढा चढ लांब गाडीला एका इंजिनाने झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. ती जोडायला मिनिटं लागतात, ती मिनिटं वेळापत्रकात धरावी लागतात, आणि त्या मिनिटांत फलाटावर वडे विकले जातात. कर्जतच्या वड्याची ख्याती त्या बँकरच्या मिनिटांवर पोसलेली आहे. उतरताना तर आणखी सावधपणा. ब्रेक धरतायत याची खात्री करून घ्यायला गाड्या घाटात ठरलेल्या जागी थांबतात. चुकून गाडी आवरली नाही तर तिला वळवून रोखायला कॅच सायडिंग असतात. हे सगळं सेकंद-मिनिटांत मोजून पाथमध्ये बसवलेलं असतं. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन संध्याकाळी ५.१० ला मुंबई सोडते, आणि तिच्या पाथला धक्का न लावता बाकीच्यांना बसवायचं ही टाईमटेबलच्या टेबलावरची जुनी अट. काका तिचं नाव घेताना अजूनही जरा ताठ बसतात.

हे झालं एका मार्गाचं. देशभराचं वेळापत्रक म्हणजे असे शेकडो कागद कडेला कड लावून जुळवायचे. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस घ्या. चार हजारांहून अधिक किलोमीटर, वाटेत कितीतरी झोन. एका झोनने तिला हद्दीवर ज्या मिनिटाला सोडली, त्या मिनिटाला पुढच्या झोनच्या कागदावर तिच्यासाठी मोकळी रेघ असायला हवी. आसामात दहा मिनिटं हलवली तर आंध्रात कुणाला तरी आपली पॅसेंजर हलवावी लागते, आणि त्या पॅसेंजरने शाळेला जाणारी पोरं असतात. म्हणून झोनांचे टाईमटेबलवाले दरवर्षी एकत्र बसतात. प्रत्येकजण आपली मागणी घेऊन येतो: नवी गाडी, नवा थांबा, वेळ बदलून द्या, डबे वाढवायचेत. काका सांगतात, त्या बैठकांत कुणाला काही मिळालं तर ते कुणाच्या तरी कागदावरून उचललेलं असायचं.

प्रवाशांच्या मागण्याही समजण्यासारख्याच असतात. जो तो म्हणतो, रात्री जेवून निघू आणि सकाळी उजाडता पोचू. मुंबईकडे येणाऱ्या सगळ्या लांबच्या गाड्यांना पहाटे पाच ते सातमध्ये आत शिरायचं असतं, कारण त्यानंतर लोकलची गर्दी सुरू होते. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून तिथे जरा मोकळं झालं, पण कुर्ल्यापासून आत सीएसएमटीपर्यंत लांबच्या गाड्यांना लोकलच्या जोडीनेच वाट काढावी लागते. आत आल्यावर फलाट हवा. सीएसएमटीला एकूण १८ फलाट, त्यातले ७ लोकलचे. गाडी रिकामी झाली की धुणं, तपासणी, पाणी भरणं. त्यातही डबे तेच, नाव बदलतं. कोकणकन्या आणि मांडवी वर्षानुवर्षं एकमेकींचे रेक वापरत आल्या आहेत, त्यामुळे पहाटे येणारी एक रखडली तर सकाळी सुटणाऱ्या दुसरीचा खोळंबा ठरलेला. इंजिनाचा हिशोब वेगळा, ड्रायव्हर आणि गार्डच्या ड्युटीच्या तासांचा वेगळा. या प्रत्येकाची आपली साखळी असते, आणि या साऱ्या साखळ्या एकाच मिनिटाला एकाच फलाटावर जुळाव्या लागतात.

आणि रुळांना विश्रांती हवी. हे मी काकांकडून ऐकेपर्यंत कधी मनातही आलं नव्हतं. मुंबईत आपण रविवारच्या मेगाब्लॉकला वैतागतो. लांबच्या मार्गांवरही रोज दोन-तीन तासांची अशी खिडकी लागते, जिच्यात एकही गाडी नसेल आणि ट्रॅकमन रुळावर उतरून काम करू शकतील. गाड्या वाढत गेल्या तशी ती खिडकी आकसत गेली. चालत्या गाड्यांच्या मध्ये, कान टवकारून काम करणाऱ्या माणसांचा जीव त्या खिडकीच्या रुंदीवर असतो. वेळापत्रक आखणाऱ्याच्या हातून सुटू नये अशी एकच गोष्ट सांगायची तर मी हीच सांगेन.

आपलं वेळापत्रक अनेक दशकं जुन्या वाड्यासारखं वाढत गेलं. मूळ दोन खण, मग मुलाच्या लग्नात एक माडी, मग मागे पडवी, मग पडवीत न्हाणीघर. नवी गाडी आली की आहेत त्या रेघांमध्ये फट शोधायची आणि बसवायची. ती नीट धावेना म्हणून तिला चार मिनिटं जादा द्यायची. पुढच्या वर्षी त्या चार मिनिटांत आणखी कुणी. हे सगळं बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर पुन्हा आखायची संधी आली ती २०२० मध्ये, आणि ती भयंकर कारणाने आली. मार्च महिन्यात देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. महायुद्धांत, संपांतही न थांबलेली चाकं उभी राहिली. त्या काळात आयआयटी मुंबईच्या मदतीने शून्यापासून वेळापत्रक मांडायचं काम रेल्वेने हाती घेतलं. एकाच वेगाच्या गाड्या एकामागोमाग सोडायच्या म्हणजे एकीला दुसरीसाठी बाजूला घ्यावं लागत नाही, देखभालीची खिडकी आधी राखायची आणि मग गाड्या बसवायच्या, फारसं कुणी चढत-उतरत नाही असे थांबे काढायचे.

पहिल्या दोन गोष्टींना मी मनापासून हात जोडते. तिसरीशी माझं जुळत नाही. संगणकाला एका थांब्याची किंमत मिनिटांत कळते: वेग कमी करणं, उभं राहणं, पुन्हा वेग घेणं, सगळी मिळून पाच-सहा मिनिटं. तिथे उतरणारी बाई डायलिसिसला तालुक्याला जाऊन परत येत असेल तर तिची किंमत कुठल्या स्तंभात लिहायची? काकांनी नोकरीत दोन्ही बाजू बघितल्या आहेत. ते म्हणतात, थांबा द्यायचा की नाही हे गणित आधी सोडवायचं आणि मग ते गणित बाजूला ठेवून एकदा त्या स्टेशनावर जाऊन उभं राहायचं. मला वाटतं, दुसऱ्या अर्ध्याला वेळ देणारी माणसं कमी होत चालली आहेत.

मिनिटांवरून आठवलं. या देशात एकच घड्याळ असायला हवं हेसुद्धा रेल्वेच्या निमित्ताने पुढे आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हा मुंबईची वेळ मुंबईची होती, कलकत्त्याची कलकत्त्याची, आणि दोन्हींत तासाभराचं अंतर. रूळ देशभर जोडले गेल्यावर रेल्वेने मधली म्हणून मद्रासची वेळ धरली. मुंबईकराला गाडी पकडायची तर आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ काही कामांसाठी १९५५ पर्यंत सोडली नाही. पत्रिकेच्या पाठीवरची ती आडवी वेळेची रेघ काकांनी एका झटक्यात ओढली. ती एक सरळ रेघ सगळ्यांनी मान्य करायला पन्नास-शंभर वर्षं लागली होती.

पण वेळापत्रकाचं खरं कसोटीचं काम बघायचं तर पावसाळ्यात कोकणात यावं.

कोकण रेल्वेला दोन वेळापत्रकं असतात. एक वर्षभराचं, एक पावसाळ्याचं. अनेक वर्षं पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. दरडींच्या भागात एरवी शंभराच्या वर जाणारी गाडी तेव्हा ७५ ने चालवायची. पाऊस असा की पुढचं दिसेना, तर ४० ने. यामागे काय आहे ते आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ सुट्टीची खास गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला करंजाडीजवळच्या पुलावरून मत्स्यगंधा खाली गेली. आमच्या वाडीतल्या कुणाचं त्यात काही झालं नाही, पण त्या दोन्ही सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून माणसं फोन असलेल्या घराकडे धावत होती, हे मला स्वच्छ आठवतं. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी हळू चालली की काकी म्हणते, "चालूदे हळू."

वेग कमी झाला की काय होतं, ते आता मला कागदावर दिसतं. सगळ्या रेघा आडव्या होतात. त्या सगळ्यात वेळखाऊ तुकड्याला १८ ऐवजी जास्त मिनिटं लागतात, आणि स्कॉटच्या सूत्रात मार्गावरच्या गाड्यांची संख्या घसरते. जिथे पूर्वी दोन रेघा छेदायच्या तिथे आता छेदत नाहीत. प्रत्येक क्रॉसिंगला नवी जागा शोधावी लागते. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी पहाटे ५.२५ ला निघून दुपारी १.१० ला पोचते. पावसाळ्यात तिला सुमारे दहा तास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. गाडी तीच, ताकद तीच.

आणि बरोबर याच दिवसांत गणपती येतात.

ज्या महिन्यांत मार्गावर सगळ्यात कमी गाड्या मावतात, त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त माणसांना घरी जायचं असतं. २०२५ मध्ये गणपतीसाठी ३८० खास फेऱ्या सोडल्या. या फेऱ्यांना तयार पाथ नसतात. आधीच आडव्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या रेघांमधून त्यांना न्यायचं असतं. खास गाडी तीन-चार तास उशिरा आली की डब्यात रागारागाने बोललं जातं. मीही बोललेय. पण त्या गाडीला दर वीस किलोमीटरवर कुणासाठी तरी थांबावं लागतं, आणि तिच्यासाठी कुठेतरी एक मालगाडी तास-तास उभी असते. त्या मालगाडीचा ड्रायव्हर कोकणातलाच असेल तर त्याच्याही घरी गणपती असतो. त्याच रात्री, त्याच पावसात, शेकडो माणसं हातात बॅटरी घेऊन रुळांवरून गस्त घालत असतात. त्यांनी "दरड नाही" असं सांगितल्याशिवाय कंट्रोलरची पेन्सिल पुढे सरकत नाही.

स्वित्झर्लंडबद्दल मी एकदा काकांना वाचून दाखवलं होतं. तिथे १९८२ पासून ठराविक तासाला ठराविक मिनिटाला गाड्या सुटायचं वेळापत्रक आहे. पुढे त्यांनी आधी हवं तसं वेळापत्रक आखलं आणि मग त्यासाठी रूळ बांधले. झुरिकहून बर्नला तासाच्या आत पोचलं पाहिजे, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्या तासाच्या ठोक्याला मिळतील, एवढ्यासाठी नवा मार्ग काढला आणि तो २००४ मध्ये सुरू केला. काकांनी ते पान पुन्हा वाचायला लावलं. बराच वेळ गप्प राहिले. "आधी चित्र," मग म्हणाले. "आधी चित्र, मग रूळ." त्यांनी जन्मभर आधी घातलेल्या रुळांवर चित्र बसवायचं काम केलं होतं.

आता त्यांची नजर अधू झालीय. छापील वेळा वाचता येत नाहीत. गेली काही वर्षं पावसाळी वेळापत्रक आलं की ते मी आलेखाच्या कागदावर उतरवते. छापील वेळा मोठ्या स्टेशनांच्याच असतात. त्यांच्यामधून रेघ ओढायची आणि समोरच्या गाडीची रेघ कुठे छेदते ते बघायचं. अंदाजच तो. पहिल्या वर्षी माझ्या रेघा स्टेशनांच्या मध्येच कुठेतरी छेदत होत्या आणि मी घाबरून फोन केला होता. काका म्हणाले होते, "गाडी एका स्टेशनावर किती मिनिटं उभी राहते ते धरलंस का?" धरलं नव्हतं.

यंदा मी रेघा ओढल्या आणि रात्री जेवणानंतर फोन लावला.

"काका, आडवली सुटलं. क्रॉसिंग आता वेरवलीला पडतंय."

"किती मिनिटं?"

"दहा-बारा दिसतायत."

"उभं कोण राहतंय?"

"आपली."

पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. बोटाने पलंगपोसावर रेघ ओढत असणार, ते मला इथून दिसत होतं.

"मग समोरची विलवडेहून वेळेवर सुटली पाहिजे," ते म्हणाले. "उतरलीस की आधी मला ते सांग. आणि काकीला सांगतो, चहा जरा उशिरा टाक."